शीतलचा आयरिश मोर

मंडळी, सायबर कॅफेतून घाईघाईत लिहितेय. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या भावाने आयर्लंडहून एक कार्ड आणलं होतं. त्यावर तिथली जुनी केल्टिक गाठ होती, सुरुवात-शेवट नसलेली एकच रेघ. वर्षभर मी ती गिरवतेय. महिन्यापूर्वी कार्ड माझ्या मैत्रिणीला, शीतलला दाखवलं.

आज खांदा कॉलनीतल्या चित्रप्रदर्शनात तिने त्या गाठीचा मोर करून मांडला. रेघ चोचीतून निघते, पिसाऱ्यात फिरते आणि परत चोचीत येते. सगळे तिथेच. माझंही चित्र शेजारीच होतं, पण त्यापुढे कुणी थांबेना. खरं सांगते, नुसता जळफळाट झाला.

परीक्षक बाईंनी मला हळूच विचारलं, "ही कल्पना तिची स्वतःची का हो?"

"नाही, कार्डावरून उतरवलंय," मी म्हणाले.

बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं. शीतल येऊन म्हणाली, "जाऊ दे गं, पुढच्या वेळी आपण दोघी मिळून करू."

कार्डावर मोर नव्हताच. जशीच्या तशी गाठ उतरवली होती ती मी, माझ्या चित्रात.

हे सांगायला तिच्या दारापर्यंत गेले आणि तशीच परत आले. तुम्ही बेल वाजवली असती?