आयकर कार्यालयातली चौकशी

आयकर कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी मला बसायला सांगितलं आणि टेबलावरचा पंखा माझ्याकडे वळवला. एवढ्यानेच माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी घरी बसून एका कंपनीसाठी कंत्राटावर नकाशे काढते. चौकशीचं बोलावणं आलं तेव्हा ओळखीचे सगळे म्हणाले, "तू नोकरीच करतेस असं ठरवतील आणि मागच्या वर्षांचा सगळा कर उकरून काढतील." तेव्हापासून दाराची बेल वाजली तरी मी आधी खिडकीतून डोकावून बघायचे.

बाईंनी विचारलं, "कामाच्या वेळा कोण ठरवतं?"

"मीच. मुलगी शाळेत गेली की बसते."

"दुसऱ्यांचीही कामं घेता?"

"हो, घेते की."

"मग तुमचा स्वतंत्र व्यवसायच आहे. या आता."

"एवढंच?"

त्या हसल्या. "सगळे हेच विचारतात."

बाहेर आल्यावर जाणवलं, मला घाबरवणाऱ्यांपैकी त्या खोलीत कुणीच कधी आलेलं नव्हतं. सगळ्यांचंच इतकं सहज सुटत असेल असं नाही. पण ऐकीव भीती हवी तेवढी वाढत जाते.

बाकावर एक गृहस्थ घाम पुसत बसले होते. "फार त्रास देतात का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, साधेच प्रश्न असतात," मी म्हणाले, आणि त्यांचं नाव पुकारेपर्यंत त्यांच्या शेजारी बसून राहिले.