हंडा ओतायची चौकट

वसुमती आत्या तंजावूरच्या एका मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. घरी आमचं आपसांत मराठी चाले. शाळेत ती तमिळमध्ये शिकवायची, आणि मी तिची भाची असले तरी इतर मुलींसारखं तिला टीचरच म्हणायचे. ती सावकाश बोलायची आणि क्वचितच हसायची.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास तिने शनिवारी दुपारी एक वर्ग सुरू केला. नववी-दहावीच्या मुलींनी तिथे स्वतः काहीतरी नवीन करून बघायचं. परीक्षेत त्याचे गुण मिळणार नव्हते, त्यामुळे आम्ही मोजक्याच जणी आलो.

"घरी, रस्त्यावर, शेतात कुणाला कशाचा त्रास होतो ते आठवडाभर बघा," ती म्हणाली. "उपाय शोधू नका. नुसतं बघा."

पुढच्या शनिवारी कुणी दाराच्या कडीचं सांगितलं, कुणी सायकलच्या साखळीत परकर अडकतो म्हणाली. ओरत्तनाडुच्या वाटेवरच्या खेड्यातून बसने येणारी सुंदरी गप्प होती. आत्याने विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, "माझ्या अम्माचा पाय भाजलाय."

तिची आई राजम भाताच्या गिरणीत कामाला होती. उकड्या तांदळासाठी तिथे भिजवलेली साळ मोठाल्या हंड्यांत उकळत. मग दोघी बायका फडकी धरून हंडा चुलाणावरून उचलायच्या आणि अंगणात ओतायच्या. ओतताना जोडीदारणीचा हात सुटला आणि राजमच्या गुडघ्यापासून पावलापर्यंत उकळतं पाणी गेलं. त्यानंतर कडी आणि साखळीचं नाव कुणी काढलं नाही.

आत्याने आम्हाला गिरणीत नेलं. परत आल्यावर शाळेच्या आवारात एक हंडा ओल्या वाळूने भरला आणि दोघीदोघींना उचलायला लावला. मला तो गुडघ्यापर्यंतही नेता आला नाही. "कुठे ओढ बसली? मनगटात की कमरेत?" ती प्रत्येकीला विचारत होती.

"उचलायचाच कशाला?" सुंदरी एकदम म्हणाली. तिने फळ्यावर चित्र काढलं. हंडा एका लोखंडी कड्यात बसवायचा. कड्याच्या दोन बाजूंना दोन खुंट्या, त्या चुलाणाच्या अल्याडपल्याडच्या खांबांवर टेकलेल्या. कड्याला लांब दांडा. लांब उभं राहून दांडा ओढला की हंडा पुढे कलेल.

आम्ही आधी तारेचा आणि पेल्याचा नमुना केला, मग लाकडाचा. शेवटी बसस्टँडमागच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी चौकट करून घेतली. आवारात हंडा अर्धा भरून बघितला. छान कलला. मुख्याध्यापिकांनी टाळ्या वाजवल्या.

गिरणीत मात्र हंडा भिजल्या साळीने काठोकाठ भरला. मालक चुलाण पेटवायला निघाला, तेव्हा आत्याने त्याला अडवलं. "आधी थंड."

"थंड हंड्याने काय कळणार, टीचर?"

"थंडच," ती म्हणाली. सुंदरीने दांड्याला हात घातला होता. आत्याने तिला बाजूला केलं आणि दांडा स्वतः धरला. तिने जरासा ओढला, तर हंडा हलेना. आणखी ओढला, तेव्हा तो अख्खा एका झटक्यात उलटला. दांडा हिसडून तिच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. समोर राजम उभी होती. साळ आणि गार पाणी तिच्या पावलांवरून वाहत गेलं, आणि ती तशीच खाली बघत राहिली.

मुख्याध्यापिकांनी वर्ग बंद केला. त्या संध्याकाळी आत्याचे यजमान, वादिराज काका, तिला म्हणाले, "पुरे झालें आतां. एखाद्या मुलीचा हात मोडला असता तर?"

"म्हणून तर दांडा मी धरला, अहो."

काकांनी दहीभात कालवला आणि ताट तिच्या डाव्या हाताशी सरकवलं.

शनिवारी आम्ही तिच्या घरी गेलो. सुंदरी ओसरीवर रडू लागली. "चूक माझी. चित्र माझं होतं."

"चित्र तुझं. पण अर्ध्या हंड्यावर समाधान मानलं ते मी," आत्या म्हणाली. "रडून झालं की सांग, तो एकदम का उलटला?"

तिने तारेचा नमुना पुढे ठेवला. सुंदरीने पेला थोडा थोडा भरत नेला आणि दर वेळी कलवून बघितला. काठाशी पाणी आलं तसा पेला तिच्या बोटांतून निसटून पालथा झाला. ती बघतच राहिली. "भरला की वजन खुंट्यांच्या वर जातं," ती हळूच म्हणाली. "खुंट्या फार खाली आहेत."

खुंट्या वर घेतल्या, दांडा हवा तिथे अडवून धरणारी अडकवण घातली. रिकामा, अर्धा, भरलेला, पुन्हा भरलेला, असा हंडा आम्ही इतक्या वेळा ओतला की मुख्याध्यापिका स्वतःच बघायला आल्या आणि वर्ग पुन्हा शाळेत भरू लागला.

उकळता हंडा पहिल्यांदा ओतला तो राजमने. वाफ उठली, साळ संथ धारेने अंगणात पडली. राजमने दांडा परत जागेवर आणला आणि म्हणाली, "पुढचा भरा."

आसपासच्या गिरण्यांतही तशा चौकटी लागल्या. दोनेक वर्षं त्या चालल्या. मग बाजारात नवी यंत्रं आली. मालकाने वाफेचा बॉयलर, टाक्या आणि साळ वाळवायचं यंत्र बसवलं, आणि बायकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. चौकट भंगारात गेली. राजम भातलावणीच्या कामाला जाऊ लागली. खतांच्या पाण्यात तिच्या भाजल्या कातडीची आग व्हायची.

सुंदरी तेव्हा बारावीत होती. ती आत्याच्या दारात येऊन उभी राहिली, आत येईना.

"टीचर, आपण एवढं केलं ते कशासाठी? आता हंडाच नाही."

आत्याने विचारलं, "तुझ्या अम्माला पुन्हा भाजलं?"

"नाही."

"आणखी कुणाला?"

"नाही."

"तेवढंच झालं. त्याहून जास्त आपल्याला जमलं नाही. जमलं असं मी तुला सांगणार नाही."

सुंदरी भिंतीला टेकून रडली. आत्याने तिला आत नेऊन जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी आत्या गिरणीच्या मालकाकडे गेली. त्याने काढलेल्या बायकांपैकी दोघींना झाडलोटीला परत घेतलं. त्यांत राजम नव्हती.

सुंदरी पुढे तिरुचीला पॉलिटेक्निकला गेली. आता ती एका कारखान्यात शेतीची अवजारं बनवते.

आत्याने वर्ग थांबवला नाही. पण त्या वर्षीच्या मुलींना ती म्हणाली, "त्रास बघाल तेव्हा हेही विचारा, की हे काम गेलं तर ही बाई काय करेल?" आणि ती त्यांना घेऊन राजम लावणी करत होती त्या शेतावर गेली. राजम काम थांबवून बोलेना, तिची ओळ मागे पडली असती. मग मुली परकर खोचून चिखलात उतरल्या आणि वाकलेल्या राजमच्या शेजारी, तिच्यासारखंच मागे मागे सरकत, तिला एकेक प्रश्न विचारू लागल्या.