दोन सशांचा जास्तीचा घास

हे मी कुणाला म्हणून सांगितलं न्हाय. आईला न्हाय, ह्यांना तर न्हायच. तुमाला सांगते. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

हे म्हंजे माझं मालक. औषधांची डिग्री घेऊन आले आणि हितं कोल्हापुरात एका दुकानात बाटल्या भरत बसले. पण जीव सगळा नवं औषध शोधण्यात. पन्हाळ्याच्या उतारावरनं एक मुळी आणायचे, कुटायचे, आडाच्या पाण्यात उकळायचे. अशक्त लेकरांच्या अंगावर मांस चढावं म्हणून. आमची बेबी तवा सा म्हैन्यांची — नुसती काडी. तिला बगूनच मनावर घेतलं असंल.

परड्यात दोन पिंजरे ठेवून चार ससे आणले. दोघांना मुळीचा काढा, दोघांना नुसतं पाणी. चारा चौघांना सारखा, तागडीत मोजून. हे दुकानात गेले की पाजायचं काम माझ्याकडं. "सांगितलंय तेवढंच कर गं बाई," म्हणायचे, "तुझं डोकं चालवू नकोस."

डोकं न्हायच चालवलं मी. पण — काढा इतका कडू! पाजला की ते दोघं नाक उडवत, कान पाडून कोपऱ्यात दडायचे. आपण लेकराला कडू पाजलं की हातावर गुळाचा खडा ठेवतोच की न्हाय? तसं मी त्या दोघांना मूठभर लसूणघास घालायची. जास्तीचा. रोज, सकाळ-संध्याकाळ. गडमुडशिंगीचा माझा भाऊ सायकलवरनं दूध घालायला यायचा, तोच घासाची पेंडी टाकून जायचा. पाणी पिणाऱ्यांना कशाला द्यायचा? त्यांनी कुठं कडू पिलतं?

दीड म्हैन्यानं ह्यांनी ससे तोलले, वजनं वहीत मांडली. काढ्याचे दोघं जाडजूड. ह्यांनी मला हाताला धरून गरकन फिरवलं, भर परड्यात. "अगं, चारा सारखा, जागा सारखी — फरक फक्त मुळीचा!"

तवा कळलं मला. तिथंच कळलं. तोंड उघडलं — आणि मिटलं. मारतील म्हणून भ्याले? न्हाय हो, ह्यांनी कधी बोट लावलं न्हाय. मग कशाला भ्याले? किती दिवसांनी हसले होते, ते हसू जाईल म्हणून? काय की.

त्याच वहीवर ह्यांना मुंबईत औषध शोधायच्या कामावर घेतलं. पण कच्चं. मुळीचा गुण दिसला की पक्कं, मग खोली, मग मी नि बेबी. तीन वर्षं झाली. तिथल्या सशांना गुणच येत न्हाय. बेबी आता फोटोकडं बोट करून "बाबा" म्हणती. कडी वाजली की मी धावते — तर भाऊ उभा, दूध घेऊन.

औंदा ह्यांचं पत्र आलं. 'तू आपल्या सशांना वेगळं काही घातलं होतंस का? नीट आठवून लिही.' आठवायला काय लागतंय? कार्ड घेतलं, 'नाही' लिहिलं. तेवढंच. त्या एका शब्दाला किती वेळ लागला मला.

दिवाळीला आले. गालफडं बसलेली. मोकळ्या पिंजऱ्यांपाशी उकिडवे बसून राहिले. मग म्हणाले, "आपल्या आडाच्या पाण्यातच काहीतरी असणार बघ. मुळी त्यातच उकळायचो ना." जाताना ते पाणी मुंबईला न्यायचं ठरवलं.

बाटली मीच धुतली. मीच भरली. बूच घट्ट बसवलं, वरनं फडकं बांधलं आणि ह्यांच्या हातात दिली.