कोरं पाणी

चाकणच्या एका खासगी प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं पाणी तपासलं. त्यातला एक अहवाल चुकीचा होता. तो माझा होता.

जवळच्या गावात एका शेतकऱ्याच्या विहिरीलगत गाड्यांच्या वायरींवर चढवायच्या मऊ प्लास्टिक नळ्यांचा छोटा कारखाना होता. पाण्याला वास येतो म्हणून शेतकऱ्यानं कॅन भरून आणला. पाणी तसंच यंत्रात सोडलं, काही दिसेना. मग मी लिटरभर पाणी बोटाएवढ्या गाळणीतून थेंब थेंब जाऊ दिलं आणि गाळणीत अडकलेलं सगळं चमचाभरापेक्षाही कमी द्रावणात उतरवून घेतलं. आता यंत्राच्या पडद्यावरच्या आलेखात प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनाचा सुळका उभा राहिला.

"सापडलं, राव!"

शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "कोरं पाणी लावलंस का?"

म्हणजे शुद्ध पाणी त्याच वाटेनं काढून बघायचं. पुन्हा सगळा दिवस गेला असता. "उद्या बघू," म्हणालो आणि अहवाल देऊन टाकला.

गावानं कारखान्याचा रस्ता अडवला. मालकानं यंत्रं विकली. आता तो वाकडला टॅक्सी चालवतो.

पुढे दुसऱ्या कामात कोरं पाणी लावलं, तर तोच सुळका. रसायन गाळणीला जोडलेल्या आमच्याच प्लास्टिकच्या नळीतून उतरत होतं. पाण्यातलं गोळा करता करता मी आमची घाणही गोळा केली होती. मी नळी बदलली. अहवाल तसाच राहू दिला.

परवा त्या शेतकऱ्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

"मंग वास कशाचा यायचा?"

"माहीत नाही. चोर सापडला म्हणून पुढं शोधलंच नाही."

"पोरीच्या लग्नाला त्याला बोलावलं न्हाई मी. शेजारी असून." मग म्हणाला, "त्याला सांगितलं का?"

"नाही. आधी तुमच्याकडे आलो."

"उलटं आलात की, सायेब. माझं काय गेलं?"

त्यानं खुंटीवरची मोटरसायकलची किल्ली काढली. "बसा मागं. वाकडला जाऊ."

माझा आखडलेला गुडघा सीटएवढा वर येईना. त्यानं हात दिला नाही. गाडी मात्र माझ्या बाजूला कलती करून धरली, मी बसेपर्यंत.