मागच्या चाकांचा कल

महाराष्ट्र राज्य नवे होते तेव्हा मी मलकापुरात राहत असे आणि वडनेर भोलजीच्या शाळेत गणित शिकवीत असे. पतींच्या पश्चात त्यांची गाडी मी स्वतः चालवीत होते. धाकट्या दिरांना ते मान्य नव्हते. गाडी गेली की माझी नोकरीही सुटेल, हे त्यांना ठाऊक होते, मलाही.

एका रविवारी मिस्त्रीने ब्रेक पाहण्यासाठी गाडीचा मागचा भाग जॅकवर चढवला. खाली उतरवल्यावर दोन्ही चाके वर फाकलेली आणि खाली आत ओढलेली दिसली. मिस्त्रीचा हात जीप आणि ट्रकवर बसलेला. त्यांना मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकच सरळ एक्सल असतो. चाक कलले म्हणजे एक्सल वाकला. त्याने तोच निकाल दिला.

दीर जणू त्याचीच वाट पाहत होते.

"आता इकून टाका वहिनी. वडनेरचं गिऱ्हाईक मी पाहून ठेवलं हाये."

मी नाही म्हटले. चाकाच्या या कलाला कॅम्बर म्हणतात. आमच्या गाडीत मागचे प्रत्येक चाक स्वतंत्र दांड्यावर, बिजागरीवरच्या झडपेसारखे हले. गाडी उचलली की दांडे लोंबतात आणि चाकांची खालची कड आत येते. गाडी टेकवल्यावर चाकांना परत बाहेर सरकायचे असते, परंतु उभ्या गाडीचे टायर जमीन धरून बसतात. गाडी थोडी चालली पाहिजे.

मी दोघांनाही मागच्या सीटवर बसायला सांगितले.

"काऊन?" दिरांनी विचारले.

"तुमचं वजन हवं आहे, भाऊजी."

ते चांगले भरदार होते. सरकी गिरणीपर्यंत जाऊन मी परत आले, मिस्त्रीला उतरवले आणि मडगार्डवरून ओळंबा सोडून दोरी व चाक यांतले अंतर त्यालाच मोजायला लावले. वर आणि खाली ते सारखेच भरले.

"सरळच हाये बाई," तो म्हणाला.

"मी उतरलो की पुन्हा वाकडं होईन," दीर आतूनच म्हणाले.

"थोडं कलेल. रचनाच तशी आहे. म्हणून मोकळ्या गाडीचा वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात ॲक्सिलरेटरवरून एकदम पाय उचलायचा नाही. ते मला येतं."

दीर दाराच्या मुठीकडे हात नेत होते. मी पुढे बसून गाडी सुरू केली.

"बसा. वडनेरचा रस्ता मला रोजचाच आहे. गाडी विकायची नाही, हे गिऱ्हाइकाला तुम्हीच सांगा."