अॅल्युमिनियमची वरात

माझ्या एकुलत्या एक मुलाच्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेवाचे फक्त पाय दिसतात असा एक फोटो आहे, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

नागभीडला माझं डेंटिंगचं दुकान आहे. आयुष्य गेलं लोकांनी ठोकून आणलेल्या गाड्या सरळ करण्यात. कोणी रानडुकराला ठोकतो, कोणी झाडाला, कोणी सख्ख्या भावाच्या गाडीला (तो डेंट पूर्ण जात नाही). पण अख्खी गाडी आपल्या हातानं घडवावी, ही हौस राहून गेली होती. निलेशचं लग्न सिंदेवाहीच्या मुलीशी जमलं आणि माझ्या डोक्यात शिरलं: पोरगा वरातीत जाईल तर स्पोर्ट्स कारमधून, आणि तेही बापानं बनवलेल्या!

"एखांदी चांगली गाडी भाड्यानं घ्या न," माझी बायको शोभा म्हणाली.

"भाड्याच्या गाडीत तं सारेच जातेत."

"मंग जाऊ द्या न त्यालेबी साऱ्यांसारखं!"

निलेश पुण्याला नोकरीला. त्याला फोनवर विचारलं तर तो बराच वेळ गप्प राहिला. शेवटी म्हणाला, "ठीक आहे, बाबा." पोराला आनंदानं बोलता येईना, असा मी अर्थ काढला.

भंगारात निघालेल्या एका जुन्या छोट्या गाडीचं वरचं सगळं कापून टाकलं, लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभा केला आणि त्यावर चढवायला नागपूरहून अॅल्युमिनियमचा पत्रा आणला. मला वाटलं, पत्रा तो पत्रा! पण लोखंड मार खातं आणि ऐकतं. अॅल्युमिनियम चार ठोके ऐकतं, मग अडून बसतं, आणि आणखी ठोकलं तर चिरतं. त्याला पुन्हा मऊ करायचं तर अंगाला साबण फासून गॅसच्या ज्योतीवर तापवायचं आणि साबण काळा पडला की थांबायचं. पहिल्या वेळी मी थांबलो नाही. बोनेटच्या मधोमध जेवणाच्या ताटाएवढं भोक पडलं!

घरातला आंघोळीचा सगळा साबण संपला.

"तुमी सोता आंघोळ करून राह्यले का गाडीले घालून राह्यले?" शोभानं विचारलं. (उत्तर तिला वासावरून कळत होतं.)

तरी मी हटलो नाही. वाळूच्या पोत्यावर पत्रा ठेवून लाकडी हातोडीनं ठोकठोक ठोकला. मडगार्डला अशी गोलाई आली की मीच त्यावरून हात फिरवत बसायचो. दारांत तर जीव ओतला. माघातल्या गार सकाळी ती बसवली. दार लावलं की चौकटीत केस शिरणार नाही! वर लाल रंगाचे जाड हात मारले आणि गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवली. खिडक्यांच्या काचा तेवढ्या राहिल्या.

लग्न मे महिन्यात होतं. चंद्रपूर जिल्ह्यात. एवढं वाचून इथल्या माणसाला पुढचं कळलं असेल. मला कळलं नव्हतं.

सकाळच्या थंडाव्यात निघालो तेव्हा दारं लोण्यासारखी उघडत-मिटत होती. सिंदेवाहीला पोचल्यावर वरात निघाली. पुढे डीजे, मागे लाल गाडी, गाडीत मी आणि शेरवानीतला निलेश. नाचणारे हलेनात, त्यामुळे गाडी उन्हात इंच इंच सरकत होती. मांडवाच्या दारात पोचलो तेव्हा विहीणबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या.

"या, जावाईबापू, उतरा!" इवाई, म्हणजे नवरीचे वडील, हसत पुढे आले, दाराला हात लावला आणि "अयाईगं!" करून बोट तोंडात घातलं. तवा झाला होता दाराचा!

"बाबा, दार खोला न."

"खोलून राह्यलो."

"खोला न मंग!"

"अरे, खोलून राह्यलो, बे!"

पत्रा उन्हानं फुगून चौकटीत गच्च बसला होता. माझं दार तसंच. मी काटकुळा, कसाबसा खिडकीतून बाहेर पडलो. निलेश माझ्यासारखा नाही, आईसारखा आहे. कोणीतरी म्हणालं, पाणी मारा. पाहुण्यांच्या पिण्याचं गार पाणी बादलीभर मारलं. दारावर थोडं पडलं, नवरदेवावर बाकीचं. इकडे गुरुजी माइकवरून मुहूर्ताची आठवण करून देत होते. इवाई सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आले आणि दाराच्या कडेत खुपसली.

"अवो, रंग जाईन!" मी ओरडलो.

तेवढ्यात डीजेवाल्यानं गाणं बंद केलं, आणि निलेशचा आवाज सगळ्या मांडवाला ऐकू गेला: "रंग? मले ही गाडी पायजेच नोयती, बाबा! आईच म्हने, त्यायचं मन राख!"

मी शोभाकडे पाहिलं. ती मांडवाच्या झालरीकडे पाहत होती.

दार उघडलं नाही ते नाहीच. शेवटी चौघांनी निलेशला खिडकीतून पायांकडून ओढला. फोटोग्राफरनं नेमका तेव्हाच कॅमेरा उचलला. शेरवानी काखेत उसवली, फेटा आतच राहिला. मुहूर्त टळला नाही, एवढंच.

पाठवणीच्या वेळी नवरीनं गाडीकडे एकदा पाहिलं आणि ती वऱ्हाडाच्या बसमध्ये जाऊन बसली. निलेश तिच्या मागे गेला.

"मीबी बसनंच येतो," शोभा म्हणाली. "सुनेसंगं कोनी पायजे न."

बस गेली. मी खिडकीतून आत शिरलो आणि एकटाच निघालो. शेजारच्या सीटवर ओला फेटा होता. वाटेत जंगल लागलं, ऊन उतरलं, झाडांतून गार वारा यायला लागला आणि माझ्या बाजूचं दार टक करून आपोआप उघडलं! मी गाडी थांबवून निलेशला फोन लावला.

"अरे, दार खुललं! पत्रा थंडा झाला न! काम बरोबरच होतं माह्यं!"

मागून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. "आमी पोचलो, बाबा," तो म्हणाला. "आता लावून घ्या."

लावायला गेलो तर दार लागेना. इवायांनी माझ्याही दाराला सब्बल लावली होती, खटका पार वाकला होता. समोर वनखात्याची पाटी: वाघांचा वावर, सावधान. मग एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्यानं दार धरलं. गिअरला हात उरला नाही, म्हणून नागभीडपर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच रडत आलो. गाडी, म्हणजे.

वाघ काही आला नाही. त्यालाही कोणीतरी ही गाडी दाखवली असावी.