मूळ प्रत आणि नक्कल

माझा धाकटा भाऊ हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की बहीण म्हणून झाकून ठेवलं. सतरा वर्षं त्याने एकच प्रोग्रॅम सांभाळला. लहान मुलांना नीट ऐकू येतं का, ते तपासणारा. ज्या दवाखान्यांना कान तपासायची महागडी यंत्रं परवडत नाहीत, ते साधा हेडफोन लावून तो वापरतात. फुकट, आणि कोणीही उघडून दुरुस्त करावा असा. कोणीही म्हणजे खरं तर हाच एकटा.

लग्न केलं नाही, नोकरी अर्धवेळ धरली आणि माझ्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरचं मशीन मांडून बसला. मी पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता दोघं जरा गप्पा मारू. कसलं काय! महाशय जेवतानाही स्क्रीनकडे तोंड करून.

मग डोळे जायला लागले. नजरेच्या मधोमध एक डाग, तो पसरत चाललाय. डॉक्टर म्हणाल्या, वर्षभरात अक्षर दिसणार नाही. घरी येऊन चपला काढताना म्हणाला, "ताई, हे हातात घेणारं कोणीतरी मिळायला हवं. एक माणूस, बस. नाहीतर माझ्याबरोबर हेही संपलं."

तशी एक होती. कुठल्याशा दवाखान्यात मुलांचे कान तपासणारी बाई. दोन वर्षांपूर्वी तिने ईमेलने दोन दुरुस्त्या पाठवल्या, तेव्हा याने मला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. "बघ, माझ्यापेक्षा नीट लिहिते!" मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण त्याचं तोंड बघून मीही हसले. त्याने तिला प्रोग्रॅममध्ये थेट बदल करायचे सगळे हक्क देऊन टाकले. आणि बाई गप्पच झाली. "तीही गेली," तो म्हणाला. मी तिला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

आता याची व्यवस्था ऐका. प्रोग्रॅमची मूळ प्रत खोलीतल्या मशीनवर. जगाला दिसावी म्हणून तिची एक नक्कल इंटरनेटवर, असे प्रोग्रॅम ठेवायच्या एका मोठ्या होस्टिंग साइटवर. रोज सकाळी सहाला मशीन आपोआप नक्कल मुळाबरहुकूम करणार. मूळ प्रतीत जे नाही ते नकलेतून पुसणार. कोणी दुरुस्ती केली तर ती ईमेलने पाठवावी, हा साहेबांचा नियम, लिहिलेला कुठेच नाही. साइटवरचे लोक नुसतं डोकं खातात म्हणून तिथले निरोप त्याने न बघता एका फोल्डरमध्ये वळवलेले.

गेल्या महिन्यात त्याने हात टेकले. साइटवर सूचना लावायची, की यापुढे देखभाल होणार नाही. तो सांगणार, मी टाइप करणार. पान उघडलं तर न वाचलेल्या निरोपांचा ढीग.

"वाच," तो म्हणाला. "शिव्याच असतील."

त्यातले अकरा निरोप त्या बाईचे होते. 'आवाजाची पातळी चुकत होती, दुरुस्ती टाकली आहे, बघाल का?' दुसऱ्या दिवशी, 'कालचं काम दिसत नाही, पुन्हा टाकलं.' मग, 'पुन्हा गेलं. माझं काही चुकतंय का?' एकदा तर तिने अगदी तान्ह्या बाळांसाठी नवी चाचणी बांधली होती, तीन आठवडे खपून. 'हेही काढलंत. कारण कळलं तर सुधारेन.' आणि शेवटचा, 'आता त्रास देत नाही.'

मध्येच थांबायला हवं होतं, पण मी गधडी वाचतच गेले. तो भिंतीला टेकून उभा होता.

"तिला दोन्हीकडचे हक्क दिले, ताई. नकलेत काही टाकू नकोस, एवढंच सांगायचं राहिलं."

"एवढंच?" मी ओरडले. "अरे, वर्षभर ती बाई हाका मारतेय आणि तू रोज सकाळी तिचं लिहिलेलं पुसतोयस!"

बोलून गेले आणि माझी मलाच लाज वाटली. त्याला धड दिसत नाही, आणि मी त्याच्यावर ओरडत होते. पण राग खोटा नव्हता.

साइटवाल्यांना विचारलं, पुसलेलं ते ठेवत नाहीत. मग तिला पत्र लिहिलं. चार वेळा बदललं. माफी मागितली, तुमच्याकडे ते काम अजून आहे का विचारलं, आणि हे सगळं तुम्ही सांभाळाल का, असंही. नऊ दिवस तो सकाळ-संध्याकाळ एकच विचारायचा, "आलं का गं?"

दहाव्या दिवशी आलं.

'तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. मला वाटायचं, माझं काम तुम्हाला पसंत नाही आणि तोंडावर सांगायला नको म्हणून तुम्ही गुपचूप काढता. दवाखान्याने आता विकतचं यंत्र घेतलंय. माझा जुना लॅपटॉप पुसून देऊन टाकला. त्यानंतर मी असलं काही लिहिलेलं नाही, धीरच झाला नाही. डोळ्यांची काळजी घ्या.'

"उत्तर लिही," तो म्हणाला. मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसले.

"तुमची ती बाळांची चाचणी फार चांगली होती, असं लिही."

मी लिहिलं, पाठवलं. मग न राहवून विचारलं, "तू पाहिली होतीस का रे ती?"

"नाही गं," तो म्हणाला. "कधीच नाही."